छापून न आलेल्या कादंबरीला ऑनलाइन सोबत: कोणाची, किती आणि कधीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. बऱ्याच वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. सत्तर हजार शब्द झालेत, शेवट अजून सापडलेला नाही. घरी याला 'टाइमपास' म्हणतात. दोन प्रकाशकांना पहिली प्रकरणं पाठवली, उत्तर आलं नाही. आसपास लिहिणारं कोणीच नाही. ऑनलाइन कोणाची सोबत मिळेल का? कादंबरी भाग पाडून टाकत जाऊ का? आणि कोणी चोरली तर?"

सोबत मिळते. गावात बसून मिळते, रात्री ओटा आवरून झाल्यावरही मिळते. ती कशासाठी हवी आहे एवढं मात्र आधी ठरवा. ऑनलाइन सगळ्यांत लवकर हाती लागतं ते कौतुक, आणि अपुऱ्या कादंबरीला सगळ्यांत जास्त उपद्रव त्याचाच होतो. मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करतो. हल्ली माझ्याकडे येणारी बरीचशी हस्तलिखितं त्याआधी कुठे ना कुठे स्क्रीनवर वाचली गेलेली असतात. त्यांचं काय भलं झालं आणि काय बिघडलं, ते कागदावर दिसतं. त्यावरून सांगतो.

आधी प्रकाशकांचं. मराठी कादंबरीची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशेची असायची, आता त्याहून कितीतरी लहान निघते. एवढ्याशा धंद्यात आलेलं प्रत्येक हस्तलिखित वाचायला पगारी माणूस ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा उत्तर आलं नाही याचा अर्थ तुमचं लेखन वाचून कोणीतरी नाक मुरडलं, असा लावू नका. फाइल उघडलीच गेली नसण्याची शक्यता जास्त. शिवाय नव्या लेखकाची शेवट नसलेली कादंबरी कोणी हातात घेत नाही. ते दोन ई-मेल सध्या विसरून जा.

आता भाग पाडून टाकण्याबद्दल. यात नवं काही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातच क्रमशः छापल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे आणि लेखकाला दर आठवड्याला मजकूर द्यावाच लागायचा. आज तेच काम मायबोली या मराठी संकेतस्थळावर १९९६पासून, मिसळपाव या दुसऱ्या संकेतस्थळावर २००७पासून चालू आहे. २०१४मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीवर तर मालिका हाच मुख्य खेळ आहे. फरक एवढाच की हरिभाऊ स्वतःच संपादक होते, आणि वाचकाचं म्हणणं पोस्टाने यायला वेळ लागायचा. तुमच्या वाचकाचं म्हणणं चहा उकळेपर्यंत येतं.

ते बहुतेक वेळा 'पुभाप्र' असतं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. त्याच्या जोडीला 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, 'वाचतेय', 'मस्त जमलाय भाग', 'भाग जरा मोठे टाका'. माणसं मनापासून लिहितात, यात खोटं काही नाही. पहिल्यांदा अनोळखी माणसाने 'वाचतेय' म्हटलं की काय होतं, ते लिहिणाऱ्यालाच कळतं. त्या एका शब्दावर पुढची दोन प्रकरणं निघतात. पण 'पुभाप्र' म्हणणारा पुढच्या भागाचा वाचक आहे, कादंबरीचा नाही. तिसऱ्या प्रकरणात पेरलेली गोष्ट बाविसाव्यात उगवते का, हे त्याला सांगता येणार नाही. तो तिसरं प्रकरण दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्याने वाचून मोकळा झालेला असतो.

याने लेखनाचं काय होतं, त्याचा एक नमुना सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात एक म्हातारी सासू होती. तोंडाने फटकळ, तपकीर ओढणारी, सुनेला भर पंगतीत घालून पाडून बोलणारी. कादंबरीच्या बांधणीप्रमाणे ती अर्ध्यात मरायला हवी होती, कारण तिच्या मरणानंतरच वाटणीचं भांडण पेटणार होतं. कादंबरी आधी ऑनलाइन आली होती आणि वाचकांना म्हातारी फार आवडली होती. दर भागाखाली 'आजी एकदम कडक', 'आजीचा प्रसंग हवा होता' असं लिहिलेलं. लेखकाने काय करावं? म्हातारीला दवाखान्यात भरती केलं, बरं केलं, काशीला नेऊन आणलं. वाटणी पुढे पुढे ढकलली गेली. पुस्तकासाठी काम करताना ती सगळी काशीयात्रा काढावी लागली, आणि गंमत म्हणजे काढल्यावर म्हातारी जास्त लक्षात राहायला लागली. लेखक हुशार होता, भाबडा अजिबात नव्हता. पण रोज संध्याकाळी पन्नास माणसं एकच गोष्ट मागत असतील तर हात आपोआप तिकडे वळतो.

दुसरी खूण म्हणजे प्रकरणाचा शेवट. क्रमशः लिहिलेल्या कादंबरीत प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेवर, वाजणाऱ्या फोनवर किंवा 'आणि तिने जे पाहिलं...' अशा तीन टिंबांवर संपतं. आठवड्याला एक भाग वाचताना ते चालतं. पुस्तकात सलग वाचताना पाचव्या थापेला वाचक वैतागतो.

म्हणून माझं मत: रहस्यकथा, भयकथा, प्रसंगांवर चालणारी कौटुंबिक गोष्ट असेल आणि निदान पहिला पूर्ण खर्डा हातात असेल, तर जरूर टाका. त्या प्रकारांना हा बाज मानवतो, आणि तिथे वाचकवर्ग खरोखर मोठा आहे. तुमची कादंबरी कुठल्या जातीची ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं चाललेली, शेवट न सापडलेली कादंबरी सहसा त्यातली नसते. ती सध्या उघड्यावर ठेवू नका. लोकांत मिसळायचं तर दुसरं काही टाका: बँकेतल्या पेन्शनच्या रांगेवर एक तुकडा, एखादी छोटी कथा. त्याने नाव ओळखीचं होतं, सवय लागते, आणि कादंबरीला हातही लागत नाही.

तुम्हाला खरी गरज आहे ती बसण्यासाठीच्या सोबतीची. बसून लिहिण्यासाठी, असं म्हणतोय मी. ही सोबत ऑनलाइन इतकी चांगली मिळते की तशी पुण्या-मुंबईतही समोरासमोर मिळत नाही.

अमेरिकेत १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या माणसाने एकवीस जणांना घेऊन एक खूळ काढलं: महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. पुढच्या वर्षापासून ते नोव्हेंबरात होऊ लागलं आणि 'नॅनोरायमो' या नावाने जगभर पसरलं. चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं, पण पद्धत काही कोणाच्या मालकीची नव्हती. तिच्यात बक्षीस नव्हतं, परीक्षक नव्हते, कोणी कोणाचं वाचतही नव्हतं. प्रत्येकाने आज किती शब्द झाले तेवढं सांगायचं. बस. एवढ्याशा गोष्टीवर लोकांनी कादंबऱ्या पुऱ्या केल्या, कारण उद्या कोणीतरी आकडा विचारणार आहे हे माहीत असतं.

हे मराठीत दोन-तीन जणांतही जमतं. पहाटे साडेपाच ते सव्वासहा अशी वेळ धरा, किंवा मुलं झोपल्यावरची. व्हिडिओ कॉल लावायचा, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. सुरुवातीला प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं: 'आज वाटणीच्या बैठकीचा प्रसंग.' मग सगळ्यांचे माइक बंद, चाळीस मिनिटं लेखन, शेवटी आकडा. गप्पा नाहीत. गप्पा सुरू झाल्या की तो गट पंधरा दिवसांत सुप्रभातचे फोटो पाठवायला लागतो, हे लिहून ठेवा.

आकड्याबाबत एक. पन्नास हजारांना तीस दिवसांनी भागलं की रोजचे सोळाशे सदुसष्ट येतात, आणि आपल्याकडचे उत्साही लोक तोच आकडा धरून बसतात. ते इंग्रजीचं माप आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घरच्यांशिवायसुद्धा' हा कॉम्प्युटरच्या लेखी एक शब्द. त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत बऱ्याच कमी शब्दांत भरतो. नोकरी करून रोज पाच-सहाशे शब्द म्हणजे उत्तम चाललंय. तुमचे सत्तर हजार शब्द म्हणजेही भरपूर कादंबरी झाली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग वाचणारी माणसं. ती तीन-चारच हवीत, आणि तीही लिहिणारीच असलेली बरी. कशी शोधायची? जिथे लोक कथा टाकतात तिथे काही महिने नुसतं वाचा आणि नीट प्रतिसाद द्या. 'छान' लिहू नका. काय जमलंय आणि कुठे अडलात ते दोन-तीन ओळींत लिहा. असं लिहिणारी माणसं इतकी कमी असतात की महिन्याभरात तुमचं नाव लोकांच्या लक्षात येतं. त्यातून ज्यांचं लेखन तुम्हाला मनापासून आवडतं, आणि जे दुसऱ्यांना नेमकेपणाने प्रतिसाद देतात, अशा दोघा-तिघांना खासगी निरोप पाठवा: 'मी तुमचं वाचेन, तुम्ही माझं वाचाल का?' आपलं वाचून घ्यायचं तर आधी दुसऱ्याचं वाचावं लागतं, हा व्यवहार चोख ठेवा. नुसत्या आपल्या लिंका टाकून पळणाऱ्याला कुठल्याच कट्ट्यावर कोणी विचारत नाही.

अटी पहिल्याच दिवशी ठरवा. महिन्याला प्रत्येकाचे तीन-चार हजार शब्द, त्याहून जास्त नाही. फाइल गटाबाहेर जाणार नाही. तारीख चुकली तर आधी कळवायचं. आणि 'कशी वाटली?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला 'छान' यापलीकडे उत्तर नाही. विचारायचं ते असं: कुठे कंटाळून बाजूला ठेवलंत? काय दोनदा वाचावं लागलं? कोण कोणाचं कोण, यात कुठे गोंधळ झाला? कुठलं वाक्य मी माझ्या हौसेखातर ठेवलंय असं वाटलं?

चांगला प्रतिसाद कसा दिसतो, तेही बघा. समजा तुमच्या प्रकरणात एक बाई नवऱ्याशी भांडून एस. टी. स्टँडवर आली आहे. 'खूप हृदयस्पर्शी, डोळ्यांत पाणी आलं' हा एक प्रतिसाद. दुसरा असा: 'ती पिशवी उचलते आणि चार ओळींनी पुन्हा उचलते. मध्ये खाली कधी ठेवली? शिवाय "तिच्या मनात संतापाचा आगडोंब उसळला" हे वाक्य नको. कंडक्टरला ती सुटे पैसे एकेक मोजून देते आणि परत केलेला रुपया घेत नाही, तिथेच मला ते कळलं होतं.' पहिल्याने दिवस चांगला जातो. दुसऱ्याने प्रकरण चांगलं होतं, आणि लिहिणाऱ्याला हेही कळतं की आपण दिलेला रुपया कोणीतरी खरंच पाहिला. माझ्या लेखी प्रोत्साहन म्हणजे हेच. अशी शेरेबाजी करणारं माणूस भेटलं तर त्याला धरून ठेवा. त्याची कादंबरी कितीही कंटाळवाणी असली तरी वाचा.

तुम्ही लातूरकडच्या, म्हणून हे मुद्दाम. तुमची पात्रं 'काय करलालास' अशी बोलत असतील तर ऑनलाइन हमखास दोन प्रकारची माणसं भेटतील. एक म्हणेल, 'बोली फारच गोड,' आणि दुसरा म्हणेल, 'समजत नाही, खाली अर्थ द्या.' दोघांचंही ऐकून भाषा बदलू नका. पहिल्याचं ऐकलंत तर बोली नटायला लागते, दर वाक्यात एक ठेवणीतला शब्द येतो. दुसऱ्याचं ऐकलंत तर ती धुऊन निघते. तुमच्या चार वाचकांत एक त्याच मातीतला ठेवा, जो म्हणेल 'आमच्याकडं असं कोण बोलत नाही'. आणि एक पार बाहेरचा, कोकणातला, गोव्यातला किंवा बडोद्यात वाढलेला. बाहेरचा अडेल तिथे शब्द तसाच ठेवून आजूबाजूचं वाक्य उजळ करा, म्हणजे अर्थ आपोआप लागतो. परदेशातली मराठी माणसंही या कामाला फार चांगली. त्यांना वाचायची भूक असते आणि आपल्या रात्री त्यांची दुपार असते.

फाइल हातोहात फिरणार असेल तर एक तांत्रिक कटकट आताच टाळा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि हलन्ताच्या, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाच्या, जोडीला एक अदृश्य खूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण चौघांनी चार कीबोर्डांवरून दुरुस्त्या केल्या की फाइलमध्ये दोन्हींची खिचडी होते, शोधायला गेलात तर अर्धेच शब्द सापडतात. पुढे प्रकाशकाकडे तीच फाइल जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये बदलून घेतली की 'दुसर्या', 'तर्हा' अशी पिल्लं बाहेर पडतात. मूळ फाइल एकाच कीबोर्डवर ठेवा, इतरांनी फक्त शेजारी टिपा लिहाव्यात. शुद्धलेखनावरून झापणारा एखादा भेटतोच. त्याच्या दुरुस्त्या मुकाट्याने घ्या, त्याचं साहित्याबद्दलचं मत घेतलंच पाहिजे असं नाही.

चोरीबद्दल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षं राहतो. कल्पनेवर मात्र हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे 'बँकेतली बाई आणि वाटणीचं भांडण' कोणीही लिहू शकतं, तुमची वाक्यं नाही. प्रत्यक्षात अख्खी कादंबरी पळवून छापणारे मी पाहिलेले नाहीत. होतं ते असं की चार परिच्छेद, खालचं नाव कापून, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि तुमच्याच मावशी तुम्हाला पाठवतात. दर महिन्याची फाइल तारखेसकट स्वतःला मेल करून ठेवा, तेवढा पुरावा वादात कामी येतो. त्याहून महत्त्वाचं: कुठेही टाकण्याआधी तिथल्या अटींत 'फक्त आमच्याकडेच' असं काही आहे का ते वाचा. बँकेत असल्यामुळे बारीक अक्षरं वाचायची सवय तुम्हाला आहेच. दिवाळी अंक आणि स्पर्धा बहुतेक वेळा अप्रकाशित लेखनच मागतात आणि ऑनलाइन आलेलं प्रकाशित धरतात. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर ते दिवाळी अंकासाठी राखून ठेवा. साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मागवायला लागतात.

प्रोत्साहन विकणारेही या वाटेवर भेटतील. दोन दिवसांत सगळं हस्तलिखित वाचून 'मराठीला अशाच लेखणीची गरज होती' म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी पॅकेज सांगतो: इतक्या हजारांत छपाई, प्रकाशन सोहळा, वर एक पुरस्कार. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. पण तो छपाईचा व्यवहार आहे, त्याला दाद समजू नका आणि कादंबरी पूर्ण होण्याआधी करू नका. पैशांचीच अडचण असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे, आणि तिच्यात कादंबरी बसते. अर्ज कधी मागवतात याकडे मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

घरच्यांच्या 'टाइमपास'चं मी मनावर घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यांना वाचायला देऊन बाजू पटवायचा प्रयत्न तर आत्ता मुळीच नको. जवळच्या माणसांना कादंबरीत स्वतःचंच तोंड दिसतं, आणि मग चर्चा तुमच्या वाक्यांची राहत नाही, 'माझ्या आईला असं का दाखवलंस' याची होते.

राहिला शेवट. तो चार वाचकांनाही विचारू नका, नाहीतर चार शेवट मिळतील आणि प्रत्येक जण आपलाच धरून बसेल. पहाटेच्या कॉलवर आकडा सांगा, काय लिहिलं ते सांगू नका. कसाबसा का होईना, शेवटपर्यंत या. वाईट शेवट दुरुस्त करता येतो, नसलेला येत नाही. मग महिनाभर फाइल उघडू नका. त्यानंतर सत्तर-ऐंशी हजार शब्द गटाला एकदम द्या, प्रकरणाप्रकरणाने नको, आणि वाचायला दीड-दोन महिने द्या. चौघांनी चार वेगवेगळ्या जागा दाखवल्या तर त्या तुमच्या मर्जीवर. तिघांनी एकाच पानावर बोट ठेवलं तर ते पान बदला, त्यांनी सुचवलेला उपाय पटला नाही तरी.

शेजारच्या तालुक्यातही लिहिणारं कोणी असण्याची शक्यता आहे, जे तुमच्यासारखंच 'आसपास कोणी नाही' म्हणत असेल. पेन्शनच्या रांगेवरचा तो तुकडा टाकाल, तेव्हा नावाखाली जिल्हा लिहा.